टाकीत पावडर पडणार नाही

माझ्या उजव्या हाताची तर्जनी अर्धी आहे. मधल्या पेरापर्यंत बोट, पुढे नुसतं गुळगुळीत टोक. बोट दाखवून बोलायची मला लहानपणापासून खोड, त्यामुळे होतं काय, मी तावातावानं कुणावर बोट रोखलं की समोरच्याला आधी ते टोक दिसतं आणि बिचारा आपलं काय म्हणणं होतं तेच विसरतो. फायदाच आहे म्हणा. अप्पा, म्हणजे माझे वडील, मला ठसका म्हणतात. आता सगळेच म्हणतात, माल न्यायला येणारे ट्रकवालेसुद्धा.

आमची माशांची हॅचरी आहे. मोठ्या माद्या सांभाळायच्या, त्यांची अंडी काढायची, पिल्लं वाढवायची आणि बोटाएवढी झाली की तळीवाल्यांना विकायची. त्या पिल्लांना बोटुकली म्हणतात. बोटुकली विकणाऱ्या घरात अर्ध्या बोटाची तू एकटीच, हा दादाचा ठरलेला विनोद. दादा माझा थोरला भाऊ. तो विक्री बघतो, इस्त्रीची पँट घालतो आणि ओल्या फरशीवरून चालताना ती वर धरतो. मी पाणी आणि मासे बघते. आणि अप्पा, कानानं कमी ऐकू येतं, नाकाला वास येत नाही, तरी रोज सकाळी बादली वाजवतात.

त्या बादलीचं आत्ताच सांगून ठेवते. मोठ्या टाकीच्या एका कोपऱ्यात ताज्या पाण्याचा नळ पडतो. हॅचरी सुरू केली त्या दिवसापासून अप्पा त्याच कोपऱ्यात उभे राहतात, पत्र्याच्या बादलीवर कडी आपटतात, टण टण टण, आणि मग खाणं टाकतात. कडी वाजली की सगळ्या माद्या टाकीच्या दुसऱ्या टोकाहून धावत येतात. पुढे कायम सरदारीण. सरदारीण म्हणजे सगळ्यांत मोठी मादी, डोक्यावर पांढरा ठिपका, स्वभावानं साक्षात माझी आत्या. एकदा मी घाईत बादली न वाजवताच खाणं टाकलं, तर या बायांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाणं भिजून तळाला गेलं आणि मला टाकी उपसावी लागली.

या माद्या विकत आणलेल्या नाहीत. अप्पांनी दर पिढीतली सगळ्यांत धट्टीकट्टी पिल्लं मागे ठेवून, तीच वाढवून, पुन्हा त्यांच्यातली निवडून हे घराणं उभं केलं. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आले, तेवढ्या काळात हे घराणं नीट मार्गी लागलं. माद्या गेल्या तर हॅचरीत उरेल काय? दुसऱ्यांकडून पिल्लं आणून तिसऱ्याला विकायची, एवढंच.

आता बोटाचं. माद्यांच्या अंगावर फोड यायचे. लाल चट्टा पडायचा, खवले गळायचे, खाली मांस दिसायचं. असं झालं की खाण्यात औषधाची पावडर मिसळायची, ही सगळ्या धंद्याची रीत. आम्हीही मिसळायचो. फोड बरे व्हायचे, पुन्हा यायचे, मग पावडर वाढायची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका फोडवाल्या मादीला उचलताना तिच्या पाठीवरच्या पराचा काटा माझ्या बोटात घुसला. काटे काय, आमच्या धंद्यात रोजचे. मी बोट तोंडात घालून चोखलं आणि कामाला लागले.

रात्रीपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. हॉस्पिटलात एक औषध दिलं, ढिम्म फरक नाही. दुसरं दिलं, तरी तेच. बोट काळं पडलं आणि कापलं. मग तिसरं औषध सलाइनमधून सुरू केलं. ते म्हणे कपाटात कुलूप लावून ठेवतात, दुसरं काही चालेनासं झालं की काढतात. त्यानं माझा हात वाचला. तपासणीत जंतू निघाला माशांच्या टाकीतला. हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडच्या जंतूंनी साध्या औषधांना भीक घालणं सोडलंय. रोज खायला घालता ना तुम्ही त्यांना!" मी त्या माणसावर जाम चिडले होते. कारण तो खरं बोलत होता.

एवढं सगळं झाल्यावर यंदा पुन्हा फोड आले. तीन माद्या गेल्या आणि सरदारणीच्या कुशीवर तळहाताएवढा चट्टा पडला. दादा पावडरवाल्याला घेऊन आला. हा पावडरवाला गावोगाव तळीवाल्यांकडे मोटरसायकलवर फिरतो, मागे पेटी, पेटीत पुड्या. पुड्यांवर ना नाव ना गाव.

"ताई, हे नवीन आहे," तो म्हणाला. "माणसांना हॉस्पिटलात अगदी शेवटी देतात ना, ते. याच्यापुढे काही टिकतच नाही."

मी नाव विचारलं. त्यानं मोठ्या ऐटीत सांगितलं. माझ्या सलाइनच्या बाटलीवर तेच नाव होतं. मी दहा दिवस त्या बाटलीकडे बघत पडले होते, ते नाव मी झोपेतही विसरणार नाही. माझ्या नसलेल्या बोटाच्या टोकात कळ आली.

"दादा, हे टाकीत पडणार नाही," मी म्हटलं.

"का बरं?"

"का म्हणजे? यानं माझा हात वाचवलाय! टाकीतल्या जंतूंना आता हेही पचवायला शिकव. पुढच्या वेळी मला काटा लागला की माझं काय कापायचं ठरवलंयस, सांगून ठेव. आणि हे पाणी कुठे जातं? कालव्यात. खाली पोरं डुंबतात त्यात."

"मला काय हौस आहे का?" दादाही तापला. "रोज एक मादी उताणी पडतेय. गिऱ्हाइकं विचारतात, तुमच्याकडे रोग आहे म्हणे. या माद्या गेल्या तर अप्पांनी जन्मभर काय केलं, ते तू सांग मला."

खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. माद्या गेल्या तर सगळंच गेलं, ते मलाही कळत होतं. पण कळत असलं म्हणून काय झालं? मी त्याच्या तोंडासमोर अर्धं बोट नाचवलं आणि पावडरवाल्याला म्हटलं, "निघा." तो निघाला, पण पुड्या दादाच्या खिशात ठेवून गेला.

माशांची डॉक्टरीण मी आणली. पोरगेलीशी मुलगी, प्रयोगशाळेत माशांचे रोग तपासते. तिनं सरदारणीच्या फोडातला पू कापसाच्या काडीवर घेतला आणि चार दिवसांनी काचेच्या झाकणाच्या छोट्या ताटल्या घेऊन आली. ताटलीत जेलीसारखा थर, थरावर आमचे जंतू दाट पसरलेले, आणि मधेमधे औषधात बुडवलेले कागदाचे ठिपके. आमच्या जुन्या पावडरींच्या ठिपक्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते, जणू शेजारी राहायला आलेत. दुसऱ्या ताटलीत ठिपक्यांभोवती स्वच्छ, मोकळी वर्तुळं होती. तिथे एक जंतू फिरकला नव्हता.

"हे कुठलं औषध?"

"ओव्याचं तेल," ती म्हणाली. "हे दालचिनीचं. हे लवंगेचं, याचं वर्तुळ जरा लहान आहे."

दादा हसत सुटला. "मासे बरे करायचेत की मुरवत ठेवायचेत?"

डॉक्टरीणबाईही हसली, पण तिनं बाकीचंही सांगून टाकलं, म्हणून मला ती आवडली. म्हणाली, "ताई, ताटलीत घडलं म्हणून टाकीत घडेलच असं नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. ते नीट फोडून मिसळावं लागतं. जास्त झालं तर कल्ले भाजतात. आणि लवंगेचं तर तुम्हाला ठाऊकच आहे."

ते आम्हाला ठाऊक होतं. अंडी काढताना मादीनं तडफड करू नये म्हणून आम्ही पाण्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकतो. मादी गाढ झोपते, अंडी काढून स्वच्छ पाण्यात सोडली की उठते. थेंब जास्त पडले तर उठत नाही.

"आणि ती नवी पावडर?" दादानं विचारलं. "तिचं वर्तुळ पडतं का?"

"पडतं," ती सरळ म्हणाली. "आज पडतं. जुन्या पावडरींचंही एके काळी पडत होतं."

पुड्या मात्र दादाच्या खिशातच राहिल्या. शेवटी आमच्यात ठरलं: शनिवारपर्यंत माझं चालणार. तोवर मरणं थांबलं नाही तर टाकीत पावडर. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हॅचरी तिघांची आहे.

पिल्लांच्या टाक्यांत काम सोपं होतं. खाण्याला तेल चोळायचं, वाळवायचं, टाकायचं. पिल्लं नाक मुरडत का होईना, खायची. सगळ्या हॅचरीला दातांच्या दवाखान्यासारखा वास यायला लागला. पण फोडवाल्या माद्या खाण्याला नीट तोंडच लावेनात, चघळून थुंकायच्या. मग डॉक्टरीणबाईनं अंघोळीचं सुचवलं. ओव्याचं तेल जास्त, लवंगेचं अगदी नावाला, त्यात तेल-पाणी एकजीव करणारा द्रव, कोमट पाणी, आणि दुधासारखं पांढरं होईपर्यंत घुसळायचं. ते कॅनमध्ये भरून कॅन टाकीवर टांगायचा आणि बारीक नळीतून थेंब थेंब सोडायचं. टांगायचा कुठे? जिथे ताजं पाणी पडतं तिथे, म्हणजे धारेबरोबर ते टाकीभर पसरेल. आदल्या दिवसापासून माद्यांना उपाशी ठेवायचं, कारण भरल्या पोटी त्यांना हे सोसत नाही.

शुक्रवारी सकाळी मी कॅन टांगला. नळाच्या कोपऱ्यात. पहिले थेंब पडले आणि वास लागल्याबरोबर माद्या शेपट्या हलवत टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. अगदी तेच हवं होतं. तिकडे त्यांना तेल पातळ होऊन, हळूहळू मिळणार. मी आणि डॉक्टरीणबाई शेडमध्ये दुसरा कॅन घुसळायला गेलो. जाताना मी अप्पांना ओरडून सांगितलं, "आजही खाणं नाही हं!" अप्पांनी मान डोलावली.

अप्पा ऐकू आलं नाही तरी मान डोलावतात. हे मला माहीत नाही का? तीस वर्षं बघतेय. पण त्या वेळी डोक्यात नाही आलं.

आणि शेडमध्ये मी ऐकलं: टण टण टण.

मी हातातलं सोडून धावले. अप्पा कोपऱ्यात उभे होते, बादली घेऊन, मायेनं वाकून. "कालपासून उपाशी आहेत गं बिचाऱ्या," ते म्हणाले. त्यांना वास येत नाही, आणि डोक्यावर टांगलेला कॅन त्यांच्या लेखी पाण्याचा कॅन. माद्यांना वास येत होता, पण कडी वाजली होती. जन्मल्यापासून त्या कडीवर त्या त्याच कोपऱ्यात आलेल्या. सगळ्या आल्या. नळीखाली, जिथे तेल सगळ्यांत दाट, तिथे एकमेकींच्या अंगावर चढून तोंडं उघडत होत्या. सरदारीण सगळ्यांच्या पुढे.

मी कॅन ओढून काढला. तोवर पहिली मादी कलंडली. मग दुसरी. बघता बघता तो कोपरा पांढऱ्या पोटांनी भरला.

"अप्पा! अहो काय केलंत हे!"

अप्पांच्या हातातली बादली खाली पडली. माझा आवाज ऐकून दादा ऑफिसातून आला, पँट वर धरून. टाकीकडे बघून त्यानं पँट सोडून दिली.

"मेल्या," तो म्हणाला.

"नाही मेल्या. झोपल्यात."

"ठसके, बघ जरा डोळे उघडून!"

"मी बघतेय! तू बघ! कल्ले बघ त्यांचे!"

डॉक्टरीणबाई तोवर गुडघ्यांवर बसून बघतच होती. "हलताहेत," ती म्हणाली. "काहींचे. स्वच्छ पाण्यात न्या, लवकर. आणि धरून चालवा, तोंड धारेकडे ठेवून. कल्ल्यांतून पाणी जायला हवं."

शेजारची टाकी धुऊन भरलेली होती. मी कापडी झोळी घेतली आणि पाण्यात उतरले. एक मादी झोळीत घेऊन कठड्यावरून पलीकडे द्यायला दोन माणसं लागतात. दादा तिथेच उभा होता, एक हात खिशावर ठेवून.

"माझं ऐक आता," तो म्हणाला. "तू तुझं करून बघितलंस. ज्या दोन-चार वाचतील त्यांना तरी पावडर..."

मी पाण्यातूनच बोट रोखलं. "दादा, तुझी पावडर खड्ड्यात गेली! शनिवार उद्या आहे. आज शुक्रवार आहे. उतर पाण्यात!"

तो उतरला. खरं सांगते, मला वाटलं नव्हतं. त्यानं पुड्या काढून कठड्यावर ठेवल्या, बूटही काढले नाहीत आणि इस्त्रीच्या पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरला. आम्ही एकेक मादी झोळीतून पलीकडे नेली. मग तिघंही त्या टाकीत शिरलो, मी, दादा आणि डॉक्टरीणबाई, आणि मादी पोटाखालून धरून, तोंड नळाच्या धारेकडे करून चालवायला लागलो. पुढे न्यायची, वळून यायचं, पुन्हा पुढे. पोटाशी धरलेली मादी जड होती, गार होती आणि हातातून निसटत होती. मी मनात एकच घोकत होते: श्वास घे, भवाने, श्वास घे.

पहिलीनं शेपूट हलवली आणि माझ्या हातातून गेली. मी मोठ्यानं ओरडले, काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. दुसरी गेली. दादाच्या हातातली एक इतक्या जोरात उठली की त्याचा चष्मा भिजला. एक उठलीच नाही. डॉक्टरीणबाईनं तिला बाजूला ठेवलं आणि पुढची घेतली.

राहिली सरदारीण. ती सगळ्यांच्या आधी नळीखाली आली होती, सगळ्यांत जास्त तिनं घेतलं होतं. मी डोक्याकडून धरली, दादानं शेपटीकडून. आम्ही चाललो. कल्ला एकदा उघडला आणि मिटला. मग उघडेचना. चालून चालून माझे पाय भरून आले.

"सोड तिला," दादा हळूच म्हणाला. "गेली गं ती."

"तुला सोडायचं तर तू सोड. मी नाही सोडत."

"उगाच हट्ट करू नकोस."

"करणार! हट्टच करणार! पावडर टाकताना बरा चालतो तुमचा हट्ट!"

त्यानं सोडली नाही. अप्पा कठड्यापाशी उपड्या बादलीवर बसले होते, गालांवरून पाणी ओघळत होतं. "मीच मारलं त्यांना," म्हणत होते. "माझ्याच हातांनी." मी आयुष्यात अप्पांना असं बघितलं नव्हतं. रडू यायला लागलं की मला राग येतो.

"अप्पा!" मी त्यांना ऐकू जाईल अशी किंचाळले. "रडा नंतर! उठा! बादली घ्या! वाजवा!"

"नको गं..."

"वाजवा म्हणते ना!"

अप्पा उठले. कडी नीट लागेना. टण. काही नाही. टण टण. सरदारणीचं तोंड माझ्या मनगटावर लुळं पडलेलं. "पुन्हा!" मी ओरडले. अप्पांनी मग सगळं बळ लावून वाजवली, सगळ्या हॅचरीत घुमेल अशी.

कल्ला उघडला. मिटला. उघडला. माझ्या पोटाला तिच्या अंगाचा दाब लागला, आधी हलका, मग चांगला जोराचा, आणि सरदारीण आवाजाच्या दिशेला वळली. नुसती वळली नाही, उसळली. पाठीवरचा पर ताठ उभा करून दादाच्या हातातून सुटली आणि अप्पांच्या बादलीखाली जाऊन तोंड उघडून उभी राहिली. खायला द्या म्हणून.

अप्पा हसायला लागले. डॉक्टरीणबाई हसायला लागली. मी हसत होते की रडत होते, मलाही सांगता येणार नाही. दादा मात्र हसला नाही. तो आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होता. सरदारणीच्या काट्यानं तळवा आडवा फाडला होता आणि रक्त मनगटावरून पाण्यात टपकत होतं. फोडवाल्या मादीचा काटा. तेच जंतू.

आमचं हसू जागच्या जागी विरलं. दादानं तळहात बघितला, माझं अर्धं बोट बघितलं, आणि मग त्याची नजर कठड्यावरच्या पुड्यांवर गेली.

मी तेवढ्यावर सोडायला हवं होतं का? कदाचित. पण मी मी आहे.

"बोल, दादा," मी म्हटलं. "आता टाकू का टाकीत पावडर? जंतूंना हीही शिकवू या? मग तुझा हात सुजला की हॉस्पिटलवाले कपाटाचं कुलूप काढतील आणि आत काय असेल? सांग ना. टाकू?"

त्याचा चेहरा एवढासा झाला होता. डॉक्टरीणबाईनं त्याला ओढून बाहेर काढलं, नळाखाली हात धरायला लावला, जखम दाबून रक्त काढलं, साबण लावला, पुन्हा धुतला, पुन्हा साबण. "लगेच धुतलंय, दादा," ती म्हणाली. "बहुतेक काही होणार नाही. पण हॉस्पिटलात जाऊन दाखवा, आणि जंतू कुठला ते आधीच सांगा." दादा लहान पोरासारखा मान हलवत होता.

जाण्याआधी त्यानं पुड्या उचलल्या. "या गटारात टाकू?"

"नाही!" मी आणि डॉक्टरीणबाई एकदम किंचाळलो. गटार कालव्यालाच मिळतं. पुड्या तिनं पिशवीत बांधून प्रयोगशाळेत नेल्या, तिथे जाळायची सोय आहे.

पुढचे कितीतरी दिवस दादा उठल्या उठल्या खिडकीशी जाऊन हात उजेडात धरायचा. मी चहा घेऊन जायचे आणि आम्ही दोघं तो तळवा बघायचो. सूज नाही. लाली नाही. एकदा मी म्हटलं, "बोटुकली शाबूत आहेत सगळी." त्यावर तो इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसला. जखम भरली. ती लगेच धुतल्यामुळे भरली की नशिबानं, देव जाणे. तेलाचा तिथे काही संबंध नाही, उगाच श्रेय कशाला लाटू?

शनिवार आला आणि गेला. शनिवारचं नाव कुणी काढलं नाही. माद्या सावरल्यावर आम्ही पुन्हा अंघोळ दिली, कॅन नळाच्याच कोपऱ्यात, पण या वेळी अप्पांना रिकामी बादली देऊन समोरच्या टोकाला उभं केलं. कडी वाजली की माद्या आधी सवयीनं नळाकडे वळायच्या, वास लागला की थबकायच्या, आणि मग कुरकुरत अप्पांकडे जायच्या. सरदारीण सगळ्यांत शेवटी तयार झाली. त्यानंतरही एक मादी गेली, तिच्या फोडानं पार आतपर्यंत पोखरलं होतं. बाकीच्यांचे चट्टे सुकले, कडेनं नवी कातडी धरली. एका टाकीत माद्या कमी ठेवायच्या, पाणी जास्त बदलायचं, हेही डॉक्टरीणबाईनं आमच्याकडून करून घेतलं. दादानं तोंड वाकडं केलं, पण केलं.

"आणि हे तेलही एक दिवस चालेनासं झालं तर?" मी तिला विचारलं.

"होऊ शकतं," ती म्हणाली. "मग दुसरं शोधू."

"शोधू," मी म्हटलं. "पण कुलपातलं नाही."

सरदारणीनं त्या हंगामात अंडी दिली. कमी दिली, पण दिली, आणि त्यांतली पिल्लं आता टाकीत आहेत. अप्पांनी त्यांतली कुठली मागे ठेवायची ते आत्ताच हेरून ठेवलंय, कुणाला सांगत नाहीत.

परवा पावडरवाला पुन्हा आला. फाटकातच मोटरसायकल थांबवून हसत म्हणाला, "काय ताई, माशांना मसाला लावताय म्हणे? बाकी सगळ्या तळ्यांवर माझाच माल जातो हं. तुम्ही एकट्याच राहिलात."

मी पुढे होऊन बोट उचलणार, तेवढ्यात ऑफिसातून दादा बाहेर आला. ओल्या फरशीवरून तसाच, पँट वर न धरता. तळहातावरचा पांढरा व्रण मला इथूनही दिसत होता. तो पावडरवाल्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं बोट रोखलं, सरळ रस्त्याकडे. दादाचं बोट पूर्ण आहे, लांबूनसुद्धा छान दिसतं.

मीही मागून माझं अर्धं दाखवलं.